12वीचे गुण आणि नर्सिंग : प्रवेशाला किती, पुढच्या नोकरीला किती?

धायरीची मावशी

नमस्कार. माझी भाची सासवडजवळच्या गावातून 11वीपासून माझ्याकडे धायरीला राहून शिकते आहे. यंदा ती 12वी विज्ञान शाखेतून 56 टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. मात्र भौतिकशास्त्रात 38, रसायनशास्त्रात 45 आणि जीवशास्त्रात 58 गुण पडल्याने तिचा पीसीबी गट 47 टक्क्यांवरच राहिला. तिला परिचारिका व्हायचे आहे आणि ही इच्छा आजकालची नाही. तिच्या आजीला अर्धांगवायू झाला होता तेव्हा दर दोन तासांनी आजीला कुशीवर वळवणे, चादरीला सुरकुती राहू न देणे, पाठ पुसून कोरडी ठेवणे हे सगळे तिने शाळा सांभाळून केले आणि आजीच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तिला सांगतो आहे की एवढ्या गुणांवर चांगले कॉलेज मिळत नाही, मिळालेच तर पुढे प्रत्येक नोकरीत ही गुणपत्रिका आडवी येईल, त्यापेक्षा बी.ए.ला नाव घालावे. तिने नर्सिंगची सीईटी दिली आहे. तिचे वडील शेती करतात, त्यामुळे शुल्काचाही विचार करावा लागतो. या क्षेत्रातल्या जाणकारांनी मला सांगावे की गुणांचे वजन नेमके कुठे पडते आणि कुठे पडत नाही. मुलगी हळूहळू गप्प होत चालली आहे आणि ते मला बघवत नाही.

शिकवणाऱ्या सिस्टर

मावशी, मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात पाठ्यनिर्देशिका आहे, म्हणजे शिकवते. दर वर्षी या दिवसांत हाच प्रश्न घेऊन पालक येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची अट अशी आहे की वयाची 17 वर्षे पूर्ण असावीत, 12वीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेत, आणि पीसीबी गटात खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण असावेत. पालक बहुतेक वेळा एकूण टक्केवारी सांगतात, पण आम्ही गटाची टक्केवारी पाहतो. मराठी आणि इतर विषयांनी एकूण आकडा 60च्या वर नेला आणि गट मात्र 43वर अडकला, अशी मुले दर वर्षी भेटतात, आणि त्यांना बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षेला बसण्याचा सल्ला द्यावा लागतो. तुमच्या भाचीचा गट 47 टक्क्यांचा आहे, म्हणजे ती पात्र आहे, आणि पात्रता ठरल्यावर 12वीच्या गुणांचे या प्रवेशातले काम जवळपास संपते.

त्यापुढे गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या गुणांवर. राज्याच्या सीईटी कक्षाने बी.एस्सी. नर्सिंगसाठी ही स्वतंत्र परीक्षा 2023 पासून सुरू केली. 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारा भाग यांना प्रत्येकी 20 गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. भौतिकशास्त्र कच्चे असलेली मुलगी जीवशास्त्र, इंग्रजी आणि कल चाचणीच्या जोरावर 12वीला 65 टक्के मिळवलेल्या मुलीच्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. म्हणून यंदाचा सीईटीचा क्रमांक हाती येईपर्यंत कोणाच्याही अंदाजावर निर्णय घेऊ नका.

शुल्काबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्यामुळे सीईटीच्या एकेका गुणाला रुपयांचे मोल येते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला असेल, तर मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात जी पूर्ण सवलत 2024-25 पासून सुरू झाली, तिचा विचार करता येतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही आणि अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, शिवाय सिंबायोसिस यांची नर्सिंग कॉलेजे आहेत. ती अभिमत विद्यापीठांची असल्याने त्यांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्क दोन्ही वेगळे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर व जातपडताळणी ही कागदपत्रे आजच मार्गी लावा. कागद वेळेत न मिळाल्याने हातची जागा जाते तेव्हा पालकांपेक्षा आम्हालाच जास्त चुटपुट लागते.

वनाज कॉर्नर

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाच्या मनाला लागू नये अशी इच्छा आहे. गेल्या वर्षी माझे वडील अतिदक्षता विभागात होते. तिथल्या सिस्टरच्या हातात एका वेळी चार-चार पंप होते आणि प्रत्येकात वेगळे औषध. मी तासन्‌तास काचेबाहेर बसून ते पाहत होतो. ज्या मुलीला रसायनशास्त्रात 45 गुण आहेत तिच्या हाती उद्या हे काम येणार असेल, तर गुणांना महत्त्व नाही असे म्हणणे रुग्णाच्या नातेवाइकाला पटणे कठीण आहे. पात्रतेची रेषा 45वर ठेवण्यामागे काही विचार असेल, पण ती फार खाली आहे असे मला मनापासून वाटते.

रात्रपाळी

वनाज कॉर्नर, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. मी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले आणि आता पुरुष मेडिसिन वॉर्डची परिसेविका, म्हणजे वॉर्ड सांभाळणारी प्रमुख सिस्टर आहे. नव्या मुली वॉर्डात येतात तेव्हा त्यांची गुणपत्रिका मला दिसत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचे काम मात्र दिसते, आणि त्या कामात शाळेचा अभ्यास कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही हे मी तुम्हाला दाखवू शकते.

डॉक्टरांनी लिहिले की 500 मिलि सलाइन 8 तासांत द्या. हातातल्या सेटमधून एका मिलिला 20 थेंब पडतात. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब, ते 480 मिनिटांत बसवायचे, म्हणजे मिनिटाला साधारण 21. हे गणित सातवीच्या मुलाला येते. पण पहाटे चार वाजता तीन घंटा एकदम वाजत असताना घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून थेंब मोजायचे, नंतर अर्ध्या तासाने रुग्णाने हात दुमडल्यामुळे वेग मंदावला आहे का हे पुन्हा येऊन पाहायचे, आणि फुप्फुसात पाणी साचलेल्या म्हाताऱ्याला हेच सलाइन लावले असेल तर त्याच्या श्वासाकडे कान ठेवायचा, हे करणारी मुलगी वेगळी असते.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या येतात, एका मिलित 40 युनिटच्या आणि एका मिलित 100 युनिटच्या. 40च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज आणि 100च्या कुपीला केशरी टोपणाची. 100ची कुपी घेऊन कोणी घाईत लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10च्या रेषेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाच्या अंगात 10ऐवजी 25 युनिट जातात आणि तासाभरात तो घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. माझ्या वॉर्डात दोन सिस्टर्सनी कुपी आणि सिरिंज मोठ्याने वाचून एकमेकींना दाखवल्याशिवाय इन्सुलिन दिले जात नाही. नव्या मुलीला मी पहिल्याच दिवशी दोन्ही सिरिंज हातात देऊन फरक सांगायला लावते. ज्या मुलीला सांगता येत नाही पण जी लगेच विचारते, तिच्याबद्दल मी निर्धास्त असते. जी अंदाजाने उत्तर देते, तिच्या मागे मी महिनाभर उभी राहते, मग तिचे गुण 80 का असेनात.

आता तुमच्या बाजूचे जे खरे आहे तेही सांगते. मिलिग्रॅम आणि मिलि यांचा संबंध, द्रावणाची तीव्रता, टक्केवारीचे द्रावण म्हणजे काय, हा 12वीच्या रसायनशास्त्राचा भाग ज्या मुलीने कधी समजून घेतलाच नाही, तिला औषधशास्त्र जड जाते आणि पुढे पंपावर डोस लावताना तिचा हात कापतो. मावशी, तुमच्या भाचीला 45 का पडले हे तिला जवळ बसवून विचारा. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया पाठ झाल्या नसतील तर काही बिघडत नाही. गणिते सुटत नसतील तर कॉलेज सुरू होण्याआधी ती कुणाकडून तरी पक्की करून घ्या.

आणि आजीच्या पाठीला जखम होऊ न देणे, हे आमच्या वॉर्डात रोज तपासले जाते. ते किती कष्टाचे आहे हे ज्यांनी केले त्यांनाच कळते. तिला माझा नमस्कार सांगा.

वनाज कॉर्नर

इन्सुलिनच्या सिरिंजबद्दल मला काहीच माहीत नव्हते. घरी आई इन्सुलिन घेते. आज जाऊन कुपी आणि टोपण पाहतो. रेषा थोडी वर असावी हे माझे मत अजून कायम आहे, पण कॉलेजात गेल्यावर तिथले गुण किती कडक आहेत हे कोणी सांगेल का? तिथेही काठावर पास होऊन भागत असेल तर माझी शंका तशीच राहते.

शिकवणाऱ्या सिस्टर

तिथे काठ बराच वर आहे. 12वीला 35 गुणांना उत्तीर्ण होता येते, आमच्याकडे नर्सिंगच्या विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात. लेखीत 70 मिळाले आणि प्रात्यक्षिकात 48, तर ती मुलगी अनुत्तीर्ण. परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांची असते. परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची, म्हणजे वॉर्डातल्या पोस्टिंगची हजेरी 100 टक्के पूर्ण करावी लागते; आजारपणात बुडालेली ड्युटीसुद्धा भरून द्यावी लागते. 2021-22 पासून अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा झाला आहे, त्यामुळे वर्षभर निवांत राहून शेवटी महिनाभर रट्टा मारण्याची सोयही उरलेली नाही.

पहिल्या सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय येतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुली तिथे ठेचकाळतात. विषय त्यांना समजतो, इंग्रजीत उत्तर लिहिता येत नाही. माझ्या अनुभवात गळती होते ती या कारणाने. 12वीला कमी गुण होते म्हणून कोणी सोडून गेल्याचे फारसे आठवत नाही. भाची मराठी माध्यमाची असेल तर हे दोन महिने इंग्रजीला द्या.

पदवीचे गुण पुढे एका ठिकाणी नक्की मोजले जातात. एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश हवा असेल तर बी.एस्सी.ला किमान 55 टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. जिला पुढे शिकवण्याकडे वळायचे आहे, तिने पहिल्या सत्रापासून हा 55चा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. शेवटच्या वर्षी जागे होऊन सरासरी वर येत नाही.

ब्रदर हडपसर

मी बी.एस्सी. नर्सिंग करून खासगी रुग्णालयात काम करत सरकारी भरतीची तयारी करतो आहे, म्हणून नोकरीच्या बाजूने लिहितो.

एम्सची भरती नॉरसेट या परीक्षेतून होते. ती 2020 मध्ये सुरू झाली. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्यांना थेट बसता येते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. परिचर्या परिषदेतली नोंदणी सर्वांनाच अनिवार्य. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात आणि अंतिम यादी मुख्य परीक्षेच्या गुणांवर लागते. 12वीला किती होते, पदवीला किती होते, याचा त्या यादीशी काही संबंध नाही. निवड झाली की सातव्या स्तराचे वेतन, म्हणजे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होते. मुलांसाठी तिथे जागा 20 टक्केच असतात, त्यामुळे आम्हाला घासून अभ्यास करावा लागतो.

राज्याच्या अधिपरिचारिका भरतीतही लेखी परीक्षाच निर्णायक असते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि नर्सिंगचे विषय. तिथे मराठी माध्यमाच्या मुली उलट पुढे असतात.

खासगीत मी ज्या ज्या मुलाखती दिल्या, त्यांत गुणपत्रिका फाइलमध्ये लावून घेतली जाते, पण प्रश्न विचारतात ते औषधांच्या डोसचे, अतिदक्षतेत किती काळ काम केले त्याचे, बीएलएसचे, म्हणजे श्वास किंवा हृदय बंद पडल्यास जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचे प्रमाणपत्र आहे का याचे. फक्त अगदी पहिल्या नोकरीत, जेव्हा अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही नसते, तेव्हा चांगल्या गुणांचा थोडा आधार होतो. त्याहून जास्त उपयोग आपण कोणत्या रुग्णालयात पोस्टिंग केली याचा होतो.

पर्वती ते लीड्स

परदेशाचा प्रश्न मावशींनी विचारलेला नाही, पण घरोघरी तो निघतोच, म्हणून थोडक्यात. इथे ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करताना माझी टक्केवारी कोणी विचारली नाही. अभ्यासक्रम किती तासांचा होता, कोणत्या विभागात किती काम केले आणि भारतातली नोंदणी चालू आहे का, हे तपासले. त्यानंतर इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. मग संगणकावरची परीक्षा, ज्यात औषधांच्या गणिताचा 15 प्रश्नांचा वेगळा भाग असतो, आणि शेवटी 10 टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. अमेरिकेची एनक्लेक्स ही नोंदणीची परीक्षा तर फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच सांगते. रात्रपाळी यांनी लिहिलेले थेंबांचे गणित मला त्या 15 प्रश्नांत जसेच्या तसे उपयोगी पडले.

धायरीची मावशी

तुम्ही सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिलेत, मी खरोखर आभारी आहे. सगळे प्रतिसाद तिला वाचायला दिले. रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि मग वही काढून थेंबांचे गणित स्वतः सोडवून पाहिले. रसायनशास्त्राबद्दल विचारले, तर गणिते सुटतात पण सेंद्रिय रसायन राहून गेले असे म्हणाली. शाळा मराठी माध्यमाची आहे, त्यामुळे इंग्रजीचा मुद्दा अगदी बरोबर लागू होतो.

आता दोन शंका उरतात. कॅपमधून पुण्यात जागा मिळालीच नाही तर जीएनएम करावे का? आणि एएफएमसीच्या, म्हणजे पुण्यातल्या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंगबद्दल तिच्या मैत्रिणीने सांगितले आहे, ते तिला शक्य आहे का?

शिकवणाऱ्या सिस्टर

एएफएमसीचे आधी सांगते. तिथे मुलींनाच प्रवेश असतो, पीसीबी व इंग्रजी मिळून किमान 50 टक्के आणि तेही 12वीच्या पहिल्याच प्रयत्नात लागतात, शिवाय निवड नीटच्या गुणांपासून सुरू होते आणि पुढे लेखी चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी होते. पुण्यात जागा 40. शिक्षणानंतर सैन्याच्या परिचर्या सेवेत लेफ्टनंट म्हणून नेमणूक होते. भाचीने नीट दिलेली नसेल तर यंदा तो विषय नाही. इथे 12वीच्या गुणांना खरोखर वजन आहे, हे मात्र तिच्या धाकट्या भावंडांपैकी कुणी मुलगी असेल तर आत्तापासून सांगून ठेवा.

जीएनएमबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पुण्याबाहेर कॅपमधून चांगल्या रुग्णालयाला जोडलेली बी.एस्सी.ची जागा मिळत असेल तर ती आधी घ्यावी. तीही नसेल तर जीएनएम जरूर करावे. तो तीन वर्षांचा आहे, 12वी कोणत्याही शाखेची चालते, किमान 40 टक्के लागतात. त्यानंतर परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे पदवीला एक वर्ष जास्त लागते, दार बंद होत नाही. रात्रपाळी ताईंच्या पिढीतल्या कितीतरी परिसेविका आणि अधिसेविका जीएनएम करूनच त्या पदावर पोचल्या आहेत.

रात्रपाळी

बरोबर आहे, मी स्वतः जीएनएमच आहे.

पर्याय भरण्याआधी एक काम करा. कॉलेजला परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता चालू वर्षासाठी आहे का हे पाहा, आणि मग कॉलेजच्या इमारतीत वेळ न घालवता थेट त्यांच्या रुग्णालयात जा. दुपारी भेटीच्या वेळी वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत ते पाहा आणि शिकणाऱ्या मुली तिथे काय करत आहेत ते पाहा. रुग्णाजवळ उभ्या राहून बीपी घेत असतील, ड्रेसिंगला मदत करत असतील, तर तिथे शिकायला मिळेल. रिकाम्या वॉर्डात बाकावर बसून फाइली रंगवत असतील, तर ते कॉलेज पर्यायांच्या यादीत खाली टाका. ससूनसारख्या रुग्णालयात ज्यांची पोस्टिंग असते त्या मुलींना गर्दीचा त्रास होतो, पण एका महिन्यात जेवढे हाताखालून जाते तेवढे दुसरीकडे वर्षात जात नाही.

धायरीची मावशी

सीईटीचा निकाल लागला की क्रमांक इथेच लिहीन, तेव्हा पर्यायांचा क्रम लावायला मदत करा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिचे वडील सोमवारी सासवडला तहसील कार्यालयात जात आहेत. इंग्रजीसाठी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिकांनी रोज संध्याकाळी तासभर शिकवण्याचे कबूल केले आहे आणि शरीररचनेचे पुस्तकच वाचायला घेऊ असे त्या म्हणाल्या आहेत.